फोटोमागची नावे

स्मरणिकेचे काम हाती घेतले तेव्हा आमच्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ग्रंथालयाच्या माळ्यावरून उतरवलेली लोखंडी पेटी, आणि दुसरी म्हणजे आम्हा पाचजणांच्या मोबाइलमध्ये दिवसरात्र येऊन पडणारी छायाचित्रे. पेटी अगदी तशीच होती, जशी घेऊन आपण सर्वजण कधी ना कधी या वसतिगृहाच्या दारात उतरलो होतो. कडी थोडी वाकलेली, झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव पुसट झालेले. तिच्यात चार अल्बम, सुट्या फोटोंची पाकिटे, स्नेहसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिका, हजेरीच्या वह्या, वसतिगृहाची प्रवेश रजिस्टरे आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत सहा सीडी होत्या.

आम्ही म्हणजे संपादन समितीतील पाच माजी विद्यार्थी. एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एक ताई शासकीय रुग्णालयात परिचारिका, एक बँकेत नोकरीला, एक सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ज्येष्ठ बंधू आणि एक जण नाशिकरोडला डीटीपीचा व्यवसाय करणारा. दर रविवारी वंदना झाल्यावर संगणक कक्षात जमायचे, असे ठरले. तीन महिन्यांत काम उरकेल असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात वर्ष लागले. ते का लागले आणि त्यात आम्ही काय शिकलो, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिली चूक पहिल्याच रविवारी झाली. अल्बममधील फोटो स्कॅन करण्याचे काम आम्ही नववीतील मुलामुलींकडे सोपवले. मुले हुशार, यंत्राला सरावलेली. तीन रविवारांत त्यांनी दोन अल्बम संपवले. तिसऱ्या रविवारी एक मुलगी हातात फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, मागं पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय. तेपण घ्यायचं का?" आम्ही फोटो उलटून पाहिला. मागे कोणीतरी बारीक अक्षरात लिहिले होते : उभे, डावीकडून. त्यापुढे अकरा नावे होती. खाली स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती.

त्या मुलीने विचारले नसते तर अकरा चेहरे राहिले असते आणि अकरा नावे गेली असती. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. काळ्या कागदावर डिंकाने चिकटवलेले फोटो वाफेने किंवा पाण्याने सोडवण्याचा मोह टाळला, कारण त्यात फोटोचा वरचा थर निघून येण्याची भीती असते. जे सहज निघाले तेवढेच काढले. बाकीच्यांचे पान जसे होते तसे घेतले. प्रत्येक सुट्या फोटोच्या दोन फाइली झाल्या, एक दर्शनी बाजूची आणि एक मागची. मागची बाजू कोरी असली तरी ती घ्यायची असा नियम केला, म्हणजे पुढे कोणाला शंका राहू नये.

मोबाइलवरून येणाऱ्या छायाचित्रांची तऱ्हा वेगळी होती. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाहन जाताच फोटोंचा पाऊस पडला. आनंद झाला, पण छपाईच्या दृष्टीने त्यातले निम्मे निरुपयोगी होते. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो पाठवताना त्याला दाबून लहान करते. पडद्यावर तो चांगला दिसतो, पण कागदावर एका इंचात तीनशे ठिपके लागतात. ए-चार आकाराचे पूर्ण पान भरायचे तर रुंदीला सुमारे अडीच हजार आणि उंचीला साडेतीन हजार ठिपके हवेत. तेवढे नसले की चेहरे पिठासारखे विस्कटतात. शिवाय गटावरून आलेल्या फाइलीच्या नावात फोटो काढल्याची तारीख नसते, तो पाठवला गेल्याची तारीख असते. त्यामुळे पत्र्याच्या शेडमधील पहिल्या वर्गाचा फोटो आणि मागच्या आठवड्यातील सहलीचा फोटो एकाच दिवसाचे भाऊ होऊन बसत. मग आम्ही सर्वांना विनंती केली की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा सामायिक फोल्डरमध्ये थेट चढवा, आणि सोबत एक ओळ लिहा : कोठे, केव्हा, कोण कोण.

त्या एका ओळीसाठी आम्हाला जितके फोन करावे लागले तितके अन्य कशासाठीही करावे लागले नाहीत. पण त्या फोनांमधूनच निम्मी स्मरणिका तयार झाली. "हा बघा, घंटेजवळ उभा आहे तो मी," असे म्हणून माणूस बोलू लागला की अर्धा तास बोलत असे. पहाटेच्या थंडीत अंगावर चादर घेऊन म्हटलेले त्रिशरण-पंचशील, चौदा एप्रिलला गावातून निघणारी मिरवणूक, बुद्धपौर्णिमेची खीर, सुट्टीच्या आदल्या रात्री भरून ठेवलेल्या पेट्या. आमच्यापैकी एक जण ते सर्व लिहून घेत असे.

फाइलींना नाव देण्याचा नियम ठरवण्यात दोन रविवार गेले. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण त्याचा उपयोग पुढे पदोपदी झाला. आपण बोलताना दिवस, महिना, वर्ष असा क्रम ठेवतो. संगणक मात्र नावे डावीकडून अक्षर-अक्षर लावतो. दिवस आधी लिहिला की सर्व वर्षांच्या चौदा एप्रिलचे फोटो एकाच जागी गोळा होतात आणि त्याच वर्षीचे स्नेहसंमेलन दूर कुठेतरी पडते. आमचे ज्येष्ठ बंधू म्हणाले, "सगळ्या जयंत्या एकत्र आल्या तर वाईट काय?" सगळे हसले. पण नियम झाला तो असा : आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, मग प्रसंग, मग क्रमांक, शेवटी देणाऱ्याचे संक्षिप्त नाव. क्रमांक एकपासून नव्हे, शून्य-शून्य-एकपासून, नाहीतर दहा हा दोनच्या आधी येऊन बसतो. वर्ष निश्चित नसेल तर अंदाज ठोकायचा नाही, 'वर्ष अनिश्चित' असे लिहायचे.

फोल्डर तीनच ठेवले. पहिला 'मूळ'. त्यात आलेली फाइल जशीच्या तशी, तिला हात लावायचा नाही. दुसरा 'काम', त्यात प्रत घेऊन उजळ करणे, सरळ करणे, कापणे. तिसरा 'छपाई', त्यात अंतिम निवड. याशिवाय एक तक्ता : फाइलीचे नाव, प्रसंग, स्थळ, डावीकडून उजवीकडे नावे, माहिती कोणी सांगितली आणि केव्हा. हा शेवटचा रकाना परिचारिका ताईंनी आग्रहाने घातला. रुग्णाच्या कागदावर औषध कोणी दिले आणि किती वाजता, हे लिहिल्याशिवाय त्यांची पाळी संपत नाही. बौद्ध परंपरेलाही ही शिस्त जुनी आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा आनंदांनी सुत्ते आणि उपालींनी विनय सांगितला. कोणी काय सांगितले हे संघाच्या स्मरणात राहिले. सुत्तांच्या आरंभीही सांगणारा प्रथम हेच नोंदवतो की हे आपण ऐकलेले आहे.

असे सुरळीत चालले असताना एका रविवारी लक्षात आले की वसतिगृहाच्या जुन्या इमारतीचे सर्व फोटो सामायिक फोल्डरमधून नाहीसे झाले आहेत. 'मूळ'मध्येही नाहीत. कोणी काढले? कोणावर रागवावे? तासभर आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहिले, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. उलगडा झाला तो साधा होता. ते फोटो ज्या बंधूंनी चढवले होते त्यांचीच मालकी त्या फाइलींवर होती. गुगलच्या खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ती भरली, मेल येणे बंद झाले, म्हणून त्यांनी आपल्या मोबाइलवरून 'जुने फोटो' काढून टाकले. त्यांना वाटले आपल्या फोनमधले गेले, समितीकडे तर आहेतच. प्रत्यक्षात समितीकडे होती ती त्यांच्याच घरात डोकावण्याची खिडकी. घर रिकामे झाले, खिडकीतून दिसणेही बंद झाले.

सुदैवाने काढलेली फाइल तेथील कचरापेटीत तीस दिवस राहते. सतरावा दिवस होता. त्या बंधूंनी ती परत आणली आणि आम्ही त्याच दिवशी सर्व फाइली शाळेच्या नावाने उघडलेल्या खात्यात प्रत करून घेतल्या. एक प्रत शाळेच्या हार्डडिस्कवर, एक बँकेतील बंधूंच्या घरी दुसऱ्या डिस्कवर ठेवली. खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापिकांच्या कपाटात ठेवला, कारण समिती बदलेल, माणसे बदलतील, पण शाळा राहणार आहे.

पिशवीतील सहा सीडींपैकी दोन उघडल्याच नाहीत. एकीत आपल्या पूर्वीच्या स्मरणिकेची पाने होती. ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसला. त्या काळातील मराठी फॉन्टमध्ये 'क' किंवा 'म' ही अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट संगणकात नसला की मराठी उरत नाही. आज युनिकोडमुळे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा मिळाली आहे आणि कोणत्याही यंत्रावर ते मराठीच दिसते. ती जुनी पाने आम्ही छापील प्रतीवरून पुन्हा टंकलिखित केली. सीडी मुकी झाली होती, पण पिवळा पडलेला कागद अजून वाचता येत होता. म्हणून आमच्या तक्त्याची एक छापील प्रत आता पेटीतही ठेवली आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही मुलांना घेऊन त्रिरश्मी लेणी चढलो. आपण सर्वांनी तो डोंगर शाळेत असताना चढला आहे. पाथर्डी फाट्यापाशी उतरून, पायऱ्यांवर धावत, वर पोहोचताच डबे उघडून. या वेळी आम्ही मुद्दाम दहाव्या लेण्यापाशी बसलो. राजा नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिल्याचा आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची कायम ठेव दिल्याचा लेख तेथे आहे. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून तेथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. मुलांनी वहीत हिशेब केला : दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजही जुळतो, याचे मुलांना फार कौतुक वाटले. आम्हाला पुढची ओळ महत्त्वाची वाटली. हे सर्व निगमसभेत वाचून ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे नोंदफलकांवर चढवले, असे त्या लेखात म्हटले आहे. म्हणजे दगडावर कोरण्याखेरीज सभेत जाहीर वाचन आणि दप्तरी नोंद असे आणखी दोन बंदोबस्त त्या लोकांनी केले होते.

तेथेच आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तेली आणि इतर श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा तो लेख. ती कोणाची कन्या, कोणाची पत्नी, कोणाची माता हे सर्व त्यात आहे, पण त्याबरोबर तिचे स्वतःचे नावही आहे. आणि तरीही, एवढे सारे कोरलेले असताना, वाचणारे उरले नाहीत तेव्हा लोकांनी या लेण्यांना पांडवलेणी म्हटले. डोळ्यांसमोर नावे होती आणि ती कोणाला दिसत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडल्यानंतरच असे लेख पुन्हा बोलू लागले. नाव नुसते लिहून भागत नाही. ते वाचणारा माणूस मागे ठेवावा लागतो, ही गोष्ट आम्ही त्या डोंगरावर मुलांना सांगितली आणि स्वतःलाही.

आपल्या समाजाला ही गोष्ट परक्यांकडून शिकावी लागत नाही. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे संघटन, आणि खेड्यापाड्यांतून आलेले हजारो स्त्रीपुरुष. पुस्तकांत नावे मोजक्यांची आहेत. आपल्या अनेकांच्या घरी आजी-पणजी सांगत असे की आमच्यातलेही कोणी त्यात होते. कोण, ते आज सांगता येत नाही. १९५६ नंतर स्वतः बाबासाहेबांची हस्तलिखिते पेट्यांत बंद होऊन वर्षानुवर्षे न्यायालयाच्या आणि प्रशासकांच्या ताब्यात राहिली. ती वाचून, लावून, वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने १९७९ साली पहिला खंड काढला. कागद लावणारा माणूस मिळाला म्हणून विचार आपल्यापर्यंत आला.

आता आमच्या सर्वांत मोठ्या चुकीविषयी. ती लिहावी की नाही यावर समितीत मतभेद होते. शेवटी ज्यांच्याशी ती संबंधित आहे त्यांनीच सांगितले, "लिहा. माझं नाव नका घालू, पण लिहा."

पेटीतील वसतिगृहाची प्रवेश रजिस्टरे आम्ही स्कॅन करून त्याच सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. त्यांत नाव, गाव, धर्म, जात, पालकाचा व्यवसाय, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने आहेत. फोटो पाठवणे सोपे जावे म्हणून फोल्डरचा दुवा आम्ही खुला ठेवला होता. ज्याच्या हाती दुवा, त्याला सर्व दिसे. रजिस्टरांना वेगळी जागा द्यायला हवी हे आमच्या ध्यानातच आले नाही. कोणीतरी त्यातील एक पान गंमत म्हणून एका गटावर टाकले. तेथून ते दुसऱ्या गटावर गेले. त्या पानावर आठवीतील एका मुलापुढे शेरा होता : न सांगता पळून गेला. त्यावर हसण्याच्या खुणा, जुन्या आठवणी, थट्टा.

चार दिवसांनी परिचारिका ताईंना फोन आला. पलीकडचा आवाज शांत होता. ते मनमाडच्या पलीकडील गावचे, आता गवंडीकाम करतात. त्यांची मुलगी बारावीत आहे. तिच्या मोबाइलवर ते पान पोहोचले होते आणि तिने विचारले होते, "पप्पा, तुम्ही शाळेतून पळून गेला होता?"

ते म्हणाले, "ताई, मी पळालो नव्हतो. मला कोणी विचारलंच नाही."

त्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. त्या वर्षी फडावर वडील अंथरुणाला खिळले. निरोप घेऊन गावचा माणूस रात्री आला. मुलाने पेटी तशीच ठेवली आणि त्याच्याबरोबर निघाला. वडिलांचा कोयता त्याने उचलला आणि हंगाम संपेपर्यंत तो आईबरोबर तोडीला राहिला. पुढच्या वर्षी परत यायचे होते, ते जमले नाही. सकाळच्या हजेरीला तो नव्हता आणि कोणीतरी रकाना भरला. भरणाऱ्याने वाईट हेतूने भरला असे आम्हाला वाटत नाही. त्याला माहिती नव्हती, आणि रकाना रिकामा ठेवायची पद्धत नव्हती. पण चार शब्दांनी एक माणूस एवढी वर्षे पळपुटा ठरून राहिला होता, आणि ते चार शब्द त्याच्या लेकीच्या हातात आम्ही नेऊन दिले होते.

त्याच रात्री आम्ही रजिस्टरांच्या सर्व फाइली खुल्या फोल्डरमधून काढल्या, दुवा बंद केला आणि गटावर जाहीर माफी मागितली. पुढच्या रविवारी दोघे जण त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. आम्ही म्हटले, तुमचे नाव त्या नोंदीतून काढून टाकायची विनंती आम्ही विश्वस्तांकडे करू. त्यांनी मान हलवली. "नाव काढू नका. तेवढं एकच तर राहिलंय माझं शाळेत. बरोबर करून लिहा."

मूळ नोंद खोडायची नाही, हा आमचाच नियम होता. खोडले असते तर दुसरे असत्य झाले असते. विश्वस्त आणि मुख्याध्यापिका यांच्याशी विचारविनिमय होऊन असे ठरले की त्या पानाला एक चिठ्ठी जोडावी. आज ती जोडलेली आहे : सदर विद्यार्थी वडिलांच्या आजारपणामुळे व घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडून गेले. खाली त्यांची सही, मुख्याध्यापिकांची सही आणि तारीख. आमच्या तक्त्यातही एक नवा रकाना वाढला : संबंधिताचे म्हणणे. ज्या कोणाच्या बाबतीत एखादी नोंद अपुरी किंवा अन्यायाची वाटत असेल, त्यांनी तेथे आपले म्हणणे नोंदवावे. आतापर्यंत सातजणांनी नोंदवले आहे. त्यांतील एक ताई लिहितात की सोडण्याच्या कारणापुढे 'लग्न' असे आहे, ते बरोबर आहे, पण ते त्यांना विचारून ठरले नव्हते.

निघताना आम्ही विचारले, तुमच्याकडे त्या वर्षीचा फोटो आहे का? नव्हता. पेटी वसतिगृहातच राहिली होती. पण ते म्हणाले, "आठवीचा वर्गाचा फोटो काढला होता. मी कडेला होतो."

त्या वर्गाचा फोटो आम्ही निवडला होता, पान लागलेही होते. आम्ही परत येऊन पाहिला, त्यात ते नव्हते. मग डीटीपीवाल्या बंधूंच्या ध्यानात आले. दोन स्तंभांत बसावा म्हणून त्यांनी फोटोच्या दोन्ही कडा थोड्या कापल्या होत्या. 'मूळ' फोल्डर उघडला. डाव्या कडेला, ओळीच्या थोडा बाहेर, अर्धा खांदा दुसऱ्याच्या मागे, सदऱ्याचे वरचे बटण लावलेला मुलगा. आणि उजव्या कडेला, पदर डोक्यावर घेऊन उभ्या स्वयंपाकघरातल्या मावशी. त्यांनाही कात्री लागली होती. ज्यांच्या हातच्या भाकरीवर आपण सर्व वाढलो त्या मावशी, आणि आपल्या पाचांपैकी कोणालाही त्यांचे पूर्ण नाव सांगता आले नाही. फोटोच्या मागे पाहिले. विद्यार्थ्यांची नावे ओळीने होती. शेवटी लिहिले होते : व मावशी.

मग त्यांचे नाव शोधणे हे आमचे काम झाले. पगारपत्रक सापडले नाही. शेवटी त्यांच्या धाकट्या बहिणीचा नातू सिन्नर तालुक्यातील एका गावी भेटला, त्याने घरातल्या रेशनकार्डावरून नाव सांगितले. ते छायाचित्र या स्मरणिकेत दोन पानांवर, कडेपासून कडेपर्यंत, पूर्ण छापले आहे. मावशींचे नाव त्याखाली आहे. गवंडीबंधूंचेही आहे, कारण फोटोखाली मात्र आपले नाव हवे असे त्यांनी स्वतः सांगितले. दुसऱ्या ओळीतील दोन मुले अजून ओळखता आलेली नाहीत. त्यांच्या जागी आम्ही काही कल्पून लिहिलेले नाही. आपल्यापैकी कोणी ओळखली तर कळवावे.

यापुढच्या कामासाठी काही गोष्टी ठरल्या आहेत, त्या पालकांनाही माहीत असाव्यात. रजिस्टरे, गुणपत्रके आणि दाखले यांच्या फाइली आता केवळ मुख्याध्यापिकांच्या परवानगीने पाहता येतील. जात आणि पालकाचा व्यवसाय हे रकाने कोठेही छापले किंवा पाठवले जाणार नाहीत. सध्या शिकत असलेल्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीनेच ठेवली जातील. २०२३ साली संसदेने केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असे म्हटले आहे. पण कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते. आपल्याविषयी दुसऱ्यांनी काय लिहून ठेवले याचा भार आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या वाहिला आहे. आपल्या शाळेच्या दप्तराने तो कोणाच्या लेकरावर पुन्हा ठेवू नये.

फोटोमागे नावे लिहिणारा तो पेन्सिलचा हात कोणाचा, हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. अक्षर वळणदार आहे, वेलांट्या लांब आहेत. बहुधा त्या काळचे अधीक्षक गुरुजी असावेत, असे ज्येष्ठ बंधूंना वाटते, पण खात्री नाही. म्हणून तक्त्यात त्या रकान्यात आम्ही 'हस्ताक्षर अज्ञात' असे लिहिले आहे.

आपणा सर्वांना एकच विनंती आहे. ही स्मरणिका हाती आल्यावर घरातील जुना अल्बम खाली काढावा. फोटो मोबाइलने टिपण्याआधी तो उलटून पाहावा. मागे काही लिहिले असेल तर तेही टिपावे. काही लिहिलेले नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावे, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत, आणि मग आम्हाला पाठवावे. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही अजूनही संगणक कक्षात बसतो. पेटीला आता नवी कडी बसवली आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.